मास्तरांचा डावा हात

"जगातलं सगळं संगीत तळाच्या सुरांवर उभं आहे! तो तळ काढून घ्या, वरचा सगळा डोलारा धाडकन खाली येईल!" असं मीटरवाल्यांनी जाहीर केलं, तेव्हा ते स्वतः एका डुगडुगत्या स्टुलावर उभे होते, डोकं माळ्यात होतं आणि स्टुलाचा आखूड पाय बायकोने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"तळाचं मग बघू," बायको म्हणाली. "आधी खाली उतरा. माझे हात भरून आले."

मीटरवाले उतरले ते बेस गिटार काखोटीला मारूनच. तिच्यावर जुन्या उशीचा कापूस आणि पुष्कळशी वर्षं बसली होती.

मीटरवाले म्हणजे वीज कंपनीत चौतीस वर्षं लोकांच्या जिन्याखालचे मीटर वाचून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरीत असताना संध्याकाळी ते क्लबच्या बँडमध्ये बेस वाजवत. बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जातली गिटार. ती वाजत असताना तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण ती थांबली की ऐकणाऱ्याला उगीचच घरून काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतं. निदान मीटरवाल्यांचा तसा दावा होता. त्यांची बेस एका नामांकित परदेशी बेसची नक्कल होती. मानेच्या टोकावर नाव इतकं वळणदार लिहिलं होतं की लांबून ते मूळ कंपनीचं वाटे आणि जवळून कुणाचंच वाटत नसे.

"नक्कल आहे, कबूल," ते चाळीस वर्षं भेटेल त्याला सांगत आले होते. "पण हिची मान बघा. तारा कशा लोण्यासारख्या दबतात! अस्सलवाल्यांनाही हे जमलेलं नाही. कारखान्यात कुणीतरी जीव ओतून बसवली आहे."

बेस माळ्यावरून उतरण्याचं कारण म्हणजे मास्तरांचा फोन. मास्तर बँडचे प्रमुख. टायपिंगचा क्लास चालवण्यात आणि कीबोर्ड वाजवण्यात हयात गेली. दहाही बोटांना वेगवेगळी नोकरी लावून दिलेला माणूस.

"क्लबला पन्नास वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "शनिवारी कार्यक्रम, गुरुवारी तालीम. तुझी ती वाजते का अजून?"

"वाजते म्हणजे काय!"

"नाही वाजली तरी अडायचं नाही म्हणा. हल्ली कीबोर्डवरच बेसचा आवाज निघतो. तुझं काम माझा डावा हात करेल. तू आपला पुढच्या रांगेत बस, टाळ्या वाजव."

मास्तर हे प्रेमानेच बोलले. म्हणूनच ते जास्त लागलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे वाचले, एवढ्या आयुष्यात आपलं म्हणावं असं हे एकच काम, आणि ते एका डाव्या हाताला फावल्या वेळात जमणार होतं!

त्या क्षणापासून मीटरवाल्यांच्या पायाला भिंगरी लागली. मधे पाच दिवस होते. त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं. मेहुण्याचं पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकान नव्हतं, पण तारा झाळायचं सोल्डरिंग आयर्न कायम पिशवीत असे. त्याने बेस जुन्या अॅम्प्लिफायरला जोडली, कान लावला आणि चेहरा पाडला.

"दाजी, ही बोलत नाहीये. कण्हतेय."

"उपाय सांग. निदान नको."

मेहुण्याने पोट उघडलं. तारांची थरथर पकडणारं चुंबक, म्हणजे पिकअप, गंजलेलं निघालं. ते बदललं. गुणगुण जाईना, म्हणून आतल्या पोकळीला स्वयंपाकघरातला चंदेरी कागद चिकटवला. आवाज कमीजास्त करायचं फिरतं यंत्र खरखरत होतं, तेही नवीन बसवलं. पण नव्या यंत्राच्या दांडीवर जुनं बटण बसेना. दोघांनी घरभर नजर फिरवली आणि दोघांची नजर एकाच ठिकाणी थांबली. गॅसच्या शेगडीचं डावं बटण त्या दांडीवर असं चपखल बसलं, की जणू एकाच आईची लेकरं.

"आता मी शेगडी कशी लावू?" बायकोने विचारलं.

मेहुण्याने बहिणीच्या हातात पक्कड दिली. तीच वापर, म्हणाला.

बेस आता स्वच्छ बोलू लागली. बटणावर छोटी ज्योत, मोठी ज्योत अशी चित्रं होती. मीटरवाल्यांनी आवाज मंद आचेवर ठेवून दोन सूर काढले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. शहाण्या माणसाने इथे हात धुऊन चहा प्यायला असता. पण मीटरवाल्यांना चैन पडेना. ते दर दहा मिनिटांनी खुर्चीतून उठत, बेसकडे बघत, बसत, पुन्हा उठत. मास्तरांचा डावा हात त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता: गुबगुबीत, अंगठीवाला, रिकामा.

"मान सोडून साफ केली तर?" ते म्हणाले.

"वाजतेय ना दाजी?"

"वाजतेय. पण शोभली पाहिजे."

पाठीमागचे चार स्क्रू काढले, मान अलग झाली. मान जिथे बसते त्या खोबणीत चार घड्यांचा एक पिवळट पुठ्ठा होता, नखाएवढा.

"बघ, बघ! कारखान्याचा गलथानपणा!" मीटरवाले म्हणाले. याच कारखान्यात जीव ओतणारी माणसं असतात हे ते पार विसरले होते. "कचरा न झाडता मान ठोकून दिली. आणि आपण चाळीस वर्षं या कचऱ्यावर वाजवतोय!"

त्यांनी पुठ्ठा टोपलीत टाकला. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी आली आणि तो गावाबाहेर गेला.

मान घासूनपुसून परत बसवली, तारा चढवल्या, आणि मीटरवाल्यांचा चेहरा उतरला. तारा आता मानेपासून इतक्या उंच उठल्या होत्या की खालून उंदीर न वाकता गेला असता. सूर दाबायचा तर बोटाचं हाड लागत होतं. लोणी पार गोठून दगड झालं होतं.

मग सुरू झाली निस्तरानिस्तर. बुडाशी तारा टेकवायचे चार तुकडे असतात, ते पिळून पिळून अगदी तळाला नेले. तरी तारा उंचच. मग मानेच्या टोकाशी ज्या खाचांतून तारा जातात, त्या खाचा बायकोच्या नखं घासायच्या कानशीने खोल केल्या. जरा जास्तच खोल. आता तारा उंच तर राहिल्याच, वर मोकळ्या सोडल्या की डब्यात खिळे हलवल्यासारख्या वाजू लागल्या. मेहुणा म्हणाला, खाचेत खायचा सोडा भरा, वर कडक होणाऱ्या गोंदाचा थेंब टाका, दगड होतो. तसं केलं. दगड झाला. पुन्हा खाचा कापल्या.

"सोड्याचा डबा कुठे गेला?" बायकोने पक्कड फिरवत विचारलं.

"गिटारीत," मीटरवाले म्हणाले.

"शेगडी गिटारीत, सोडा गिटारीत. मीही तिकडेच राहायला येऊ का?"

मीटरवाले हसले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताची बोटं सुजली होती. बुधवारी दिवसभर ते सराव करत होते आणि प्रत्येक सूर एखाद्या लेटलतीफ कारकुनासारखा उगवत होता.

गुरुवारची तालीम क्लबच्या खोलीत होती. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला उभं केलेलं, त्याच्यापुढे ड्रम मांडलेले. ड्रमवाला धंद्याने शिंपी. जन्मभर ओठांत टाचण्या धरल्यामुळे कमी बोलायची सवय लागलेली. टाचण्या काढल्या तरी सवय गेली नाही.

पहिलं गाणं सुरू झालं. मीटरवाल्यांनी सगळा जोर लावला. तरी ड्रमचा ठोका पडायचा आणि त्यांचा सूर मागून धापा टाकत यायचा. दुसऱ्या कडव्याला त्यांनी कीबोर्डकडे पाहिलं. मास्तरांचा डावा हात हळूच खाली सरकला, दोन पट्ट्यांवर टेकला आणि मीटरवाल्यांच्या आधी मीटरवाल्यांचा सूर वाजवून मोकळा झाला. ठोक्यावर. न सुजता.

मास्तरांनी गाणं थांबवलं.

"बोटं दाखव," ते म्हणाले. बोटं पाहून त्यांनाच वाईट वाटलं. "अरे, मला काय हौस आहे का? पण बेस आणि ड्रम एकत्र पडायला हवेत. आपलं वय झालं. शनिवारी मी सांभाळतो, तू पुढे बस."

"मास्तर, दोन दिवस द्या. मी आणखी एक पार्ट बदलतो."

"आता बदलायला काय राहिलंय? मूळचं तरी काही आहे का तिच्यात?"

मीटरवाल्यांनी मनात मोजदाद केली. लाकूड होतं. लाकडाबद्दलही त्यांना खात्री वाटेना.

तेवढ्यात शिंपी ड्रममागून उठला. त्याने बेस घेतली, पँटची शिवण बघावी तशी डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटून मानेवरून नजर फिरवली.

"पुठ्ठा कुठाय?" त्याने विचारलं.

"कसला पुठ्ठा?"

"माझा."

मीटरवाले जवळ सरकले. "तू घातला होतास?"

"पहिल्याच वर्षी. तुझी बोटं अशीच सुजायची. तू चहाला गेला होतास, तेव्हा मान सोडली नि घातला. कंबरेत चिमूट घेतो ना, तसं. बुडाशी इतकंसं उचललं की वर सगळं नीट बसतं."

"आणि चाळीस वर्षं बोलला नाहीस?"

"तू कारखान्याचं इतकं कौतुक करायचास," शिंपी म्हणाला. "कशाला मधे बोला."

चाळीस वर्षं मीटरवाल्यांनी ज्या कारागिराची तारीफ केली, तो त्यांच्या मागेच हातभर अंतरावर बसून ठोके देत होता; आणि त्याचं कसब त्यांनी स्वतःच्या हाताने केराच्या टोपलीत टाकलं होतं.

"टाकला मी तो. कचरा समजून," ते पुटपुटले.

"बरं," शिंपी म्हणाला, आणि रस्ता ओलांडून समोरच्या आपल्या दुकानात गेला. परतला तो कात्री आणि एक बाकदार पुठ्ठा घेऊन. त्याने टेप न लावता नखाएवढा तुकडा कापला, घडी घातली, उलगडली, एक घडी कमी केली.

"हा कशाचा?" मास्तरांनी विचारलं.

"कॉलरच्या साच्याचा. शनिवारच्या तुमच्या कोटाच्या. कॉलर शिवून झाली, आता लागत नाही."

मास्तरांनी नकळत स्वतःचा गळा चाचपला.

चार स्क्रू सुटले, चार स्क्रू बसले. मीटरवाल्यांनी सुजलेलं बोट भीत भीत तारेवर ठेवलं. तार दबली. लोण्यासारखी नाही, सोड्याच्या खाचा अजून जरा करकरत होत्या. पण दबली, आणि सूर ठोक्याच्या बरोबर पडला.

"शनिवारी बघू," मास्तर म्हणाले. मास्तरांच्या तोंडी हे होकाराच्या पुष्कळ जवळचं होतं.

शुक्रवारी मीटरवाल्यांनी मान पुन्हा एकदा सोडून बघायचं तीनदा मनावर घेतलं. मेहुण्याने स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या घरी नेला, तेव्हा कुठे ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग दाराशी. मग पुन्हा खिडकीशी.

शनिवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत बायको आणि मेहुणा. मीटरवाल्यांनी बटण मोठ्या ज्योतीवर नेलं. पहिल्या गाण्यात मास्तरांचा डावा हात पट्ट्यांवर घारीसारखा घिरट्या घालत होता. मीटरवाल्यांना ना श्रोते दिसत होते, ना दिवे. दिसत होता तो फक्त तो हात. दुसऱ्या गाण्यात तो एकदा खाली आला, अर्ध्यावर थबकला आणि परत गेला. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर मास्तरांनी तो उचलला आणि नव्या कोटाच्या खाली, मांडीवर ठेवून दिला. तिथे तो शेवटपर्यंत पडून राहिला, निवृत्त माणसासारखा.

मागून शिंप्याने ठोका चुकवला नाही. फक्त मीटरवाल्यांनी वळून पाहिलं तेव्हा एक भुवई उचलली.

टाळ्या झाल्या. लोक मास्तरांना भेटले, मास्तरांच्या कोटाला भेटले. बेसबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मीटरवाले बेस गळ्यात तशीच अडकवून स्टेजच्या कडेला या पायावरून त्या पायावर करत उभे होते. शेवटी बायको पायऱ्या चढून वर आली. तिने बेसकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी होतं.

"अहो, एक बोलू का?"

"बोल ना," मीटरवाले म्हणाले आणि त्यांनी चेहरा शक्य तितका नम्र केला.

"ते शेगडीचं बटण इथेच काढून द्या. घरी गेलात की विसराल, आणि सकाळी मला पुन्हा पक्कड शोधावी लागेल."