तिसरी तार

मित्रांनो, मी घरी बनवलेला एक ड्रोन आहे. वयाने तीनच वर्षांचा. पण माझे बरेचसे भाग माझ्याहून थोरले आहेत, म्हणून मला जुना म्हटलंत तरी चालेल. माझे चार हात खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्टीचे आहेत. मधली फळी एका मोडक्या स्टार्टरमधून निघाली. माझा मेंदू, म्हणजे तोल सांभाळणारं काडेपेटीएवढं सर्किट, एका तुटक्या स्लीपरच्या स्पंजवर बसवला आहे. त्यामुळे मोटारींची थरथर त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मला बनवलं अब्राहाम मिस्त्रींनी. बेलापुरात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची आणि विहिरीत उतरून मोटार बसवून द्यायची, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. साठी उलटल्यावर त्यांना माझा नाद लागला.

त्यांच्या पत्नी हन्नाबाई म्हणाल्या, "या वयात खेळणं?"

"चाळीस वर्षं विहिरीच्या तळातून वर बघितलं, हन्ना. तिथून आभाळ ताटाएवढं दिसतं. आता एकदा आभाळातून विहीर बघायचीय. केवढी दिसते ती."

"आणि बघून काय करणार?"

"बघणार."

पहिल्या दिवशी मी वीतभर उडालो आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलो. दुसऱ्या खेपेला माझ्या पोटाला लावलेल्या कॅमेऱ्यात सगळं गाव थरथरत होतं. तेव्हा मिस्त्रींनी एकेक पातं सुईवर तोलून पाहिलं आणि हलक्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावला. प्रत्येक बिघाड ते वहीत लिहीत. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःसाठी नियम लिहिला होता: 'पाती काढल्याशिवाय मोटार तपासायची नाही.'

एकदा माझं पातं लिंबाच्या फांदीत अडकलं आणि एक मोटार जळाली. मिस्त्रींनी नवी बसवली. वहीत लिहिलं, 'उजवी मागची बदलली. चाचणी बाकी.' मला कपाटावर ठेवलं. विहिरीवर जायचं अजून राहिलंच होतं. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांच्या छातीत कळ आली. मला खाली उतरवायला ते आले नाहीत.

सात महिन्यांनी मला उतरवलं त्यांच्या मुलीने, प्रार्थनाने. ती केडगावला शिक्षिका आहे. दुकानाची जागा सोडायची होती, म्हणून आवराआवर करायला ती सुट्टीत आली होती. हन्नाबाई म्हणाल्या, "हे भंगारात दे. माझ्याने बघवत नाही."

प्रार्थनाने वही वाचली. विहिरीची गोष्ट तिला ठाऊक होती. मिस्त्री फोनवर तिला दुसरं काही सांगतच नसत. ती म्हणाली, "आई, एवढं एक बघून घेऊ. मग दे."

माझ्या दोन बॅटऱ्यांपैकी एक फुगली होती. ती पेट घेईल म्हणून तिने चार्जिंगला न लावता वाळूच्या डब्यात ठेवली. दुसरी भरली, मला अंगणात ठेवलं आणि उडवलं. मी उजव्या बाजूला मागे कलंडलो आणि पालथा पडलो. तिने मला सरळ केलं, स्क्रू आवळले, पाती तपासली, मेंदूला सपाट जमीन पुन्हा शिकवली. मी पुन्हा त्याच कोपऱ्यावर पडलो. एक पातं तुटलं.

हन्नाबाई दारातून म्हणाल्या, "राहू दे ना. शेवटी शेवटी त्यांचा हात कापायचा. कपबशी वाजायची हातात. चुकलं असेल काहीतरी."

प्रार्थनाने मिस्त्रींचं भिंग काढलं आणि नव्या मोटारीच्या तारा पाहिल्या. तीन तारा, त्या जोडणारे सोल्डरचे तीन टिपके. तिन्ही मोहरीसारखे गोल आणि चकचकीत होते. ते त्यांच्या हातचं शेवटचं काम होतं. तिने सोल्डरिंग गन उचलली आणि परत ठेवून दिली. चूक सापडेना, आणि ते टिपके वितळवायला तिचं मन होईना.

दुपारी मिस्त्रींचे जुने गिऱ्हाईक, मच्छिंद्रकाका, आले. दुकानात पडून असलेली त्यांची मोटार न्यायची होती. मला पालथा पाहून ते हसले.

"काय गं पोरी, ह्यो पंखा पालथा का झोपलाय?"

"एका बाजूला पडतोय, काका. पप्पांनी तिकडची मोटार बदलली होती. आई म्हणते, हात कापत होता, चुकलं असेल."

"फिरवून बघितली हुती का त्यांनी?"

"नाही. चाचणी बाकी, असं लिहिलंय."

"मंग चुकलं कसं म्हनती? आमच्या मोटारीचं बी दरवेळी आसंच. तीन वायरी जोडल्या, की ती कुनीकडं फिरंल ते बटन दाबल्याबिगर देवाला बी कळत न्हाई. उलटी फिरली की मिस्त्री दोन वायरींची अदलाबदल करायचे. त्येला चूक न्हाई म्हनायचे ते. काम आर्धं हाय म्हनायचे."

प्रार्थनाने वहीचं पहिलं पान पुन्हा उघडलं. मग तिने माझी चारही पाती काढली, प्रत्येक मोटारीच्या दांड्याला कागदी पट्टीचं निशाण चिकटवलं आणि वीज दिली. तीन निशाणं मिस्त्रींनी वहीत काढलेल्या दिशांच्या बाणांप्रमाणे फिरली. उजवं मागचं उलटं फिरलं.

"काका, तीनपैकी कोणत्या दोन बदलायच्या?"

"कोंच्याबी."

"म्हणजे एक तशीच राहते?"

"ऱ्हाती की."

तिने बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग दोन तारा सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या. तिचे टिपके वेडेवाकडे झाले. तिसऱ्या तारेला तिने धक्काही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुटक्या पात्याच्या जागी नवं बसवून आम्ही मच्छिंद्रकाकांच्या विहिरीवर गेलो. हन्नाबाई येणार नव्हत्या. पण चप्पल घालून सगळ्यांच्या आधी दारात उभ्या होत्या. मी सरळ उठलो. ऊस खाली गेला, लिंब खाली गेला, बांधावरची माणसं टिकलीएवढी झाली. विहीर माझ्या बरोबर खाली आली. तिच्या पाण्यात आभाळ होतं आणि त्या आभाळात चार हातांचा एक ठिपका. मित्रांनो, मी स्वतःला पहिल्यांदाच पाहिलं.

खाली मोबाईलच्या पडद्यावर हन्नाबाई वाकल्या होत्या. प्रार्थनाने विचारलं, "केवढी दिसते गं?"

"भाकरीएवढी," हन्नाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लिहून ठेव वहीत."

तिने लिहिलं: 'चाचणी झाली. दोन तारा बदलल्या. विहीर भाकरीएवढी.'

मी भंगारात गेलो नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर एखादी बंद वस्तू असेल. तिला बिघडलेली म्हणण्याआधी, तिचं काम कुठे थांबलं होतं ते पाहा. आणि दुरुस्त करताना लागेल तेवढंच बदला. मी खाली उतरलो की प्रार्थना आधी माझ्या उजव्या मागच्या मोटारीला बोट लावते, जास्त तापली का ते पाहायला. बाकीच्या तिघींएवढीच ती गरम असते. तरी बोट थोडा वेळ तिथेच राहतं.