ताईचा लटकलेला व्यवहार

शिडी आणि पक्कड सोडून चार वर्षं झाली, तरी लोक त्याला वायरमनच म्हणत. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात आता त्याची तीनशे यंत्रं दिवसरात्र घोंघावत. धंदा साधा होता. आभासी नाण्यांची देवाणघेवाण जगभराच्या एका सामाईक वहीत लिहिली जाते. दर दहाएक मिनिटांनी ज्याच्या यंत्राला नेमका आकडा सापडतो, तो वहीचं पुढचं पान लिहितो. त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात, शिवाय पानावर घेतलेल्या व्यवहारांचं शुल्क. एकट्याने शोधत बसला असता तर वायरमनला एक पान मिळायला नऊ वर्षं लागली असती. म्हणून तो एका मोठ्या पूलमध्ये, म्हणजे यंत्रवाल्यांच्या गटात, शिरला होता. सगळ्यांनी मिळून शोधायचं आणि वाटून खायचं. पानावर काय घ्यायचं ते पूलचा साहेब ठरवी. वीजही त्याच्याच करारातून येई.

त्याच्या थोरल्या बहिणीचा दवाखाना होता. मोर्चात डोकी फुटलेल्यांना ताईने टाके घातले, आणि आठवड्यात तिचं बँक खातं गोठलं. ओळखीपाळखीच्यांनी नाणी पाठवली. ती तिने औषधवाल्याकडे धाडेपर्यंत तिचा नाण्यांचा पत्ता बंदी घातलेल्यांच्या सरकारी यादीत चढला होता. व्यवहार तीन दिवस लटकला, तेव्हा भर दुपारी ती कारखान्यात येऊन उभी राहिली.

वायरमनने तिच्यादेखत साहेबाला फोन लावला. साहेब शांतपणे म्हणाला की यादीतलं काही पानावर घेतलं तर उद्या वीज तुटेल. बक्षीस एवढं घसघशीत असताना चिल्लर शुल्कापायी कोण मान अडकवून घेईल? वायरमनने आणखी दोन पूलना विचारलं. त्यांच्याकडेही तीच यादी होती. यंत्रं काढून दुसरं काही करावं, तर ती बापडी आकडा शोधण्यापलीकडे कशाच्या कामाची नव्हती.

"एक वाट आहे," तो अखेर म्हणाला. "शुल्क वाढव. नियमाप्रमाणे बक्षीस यंदा निम्म्यावर आलं; मोठ्यांना ते पुरतं, लहान पूलवाल्यांचं पोट भरत नाही. कुणाला तरी मोह होईल."

"म्हणजे परक्याला लाच द्यायची."

"शुल्क मी भरतो, ताई."

"भरशील रे," ती म्हणाली. "लिहिणार मात्र नाहीस."

पंख्यांच्या गरम वाऱ्यातून ती निघून गेली.

तिने त्याचा एक पैसाही घेतला नाही. शुल्क ती स्वतःच्या नाण्यांतून वाढवत गेली; एकदा, दोनदा, चारदा. प्रत्येक वेळी औषधांची यादी आखडत होती. वायरमन कामं टाकून पडद्याकडे बघत बसे. या चार दिवसांत शेदीडशे पानं त्याच्याच पूलने लिहिली. त्याच्या वाट्याचे पैसेही आले. ताईचा व्यवहार त्यातल्या एकाही पानावर नव्हता.

सातव्या दिवशी दुपारी व्यवहार पानावर चढला. कुठल्याशा चिमुकल्या पूलने उचलला होता. कुणीतरी छातीचा माणूस भेटला, असं वाटून वायरमनचे डोळे भरून आले. मग त्याने ते पान नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत फक्त भरमसाट शुल्काचे व्यवहार. यादीतले आणि यादीबाहेरचे शेजारीशेजारी. लिहिणाऱ्याने ताईचा पत्ता बहुधा वाचलाही नव्हता. भाऊ तिच्या कामी आला नव्हता, हावरा आला होता.

संध्याकाळी ताईचा निरोप आला: औषधं पोचली, एक तृतीयांश कमी. पुढच्या महिन्यात पुन्हा लागतील.

दुसऱ्या सकाळी साहेबाचा माणूस वीजकराराचं नूतनीकरण घेऊन आला. सोबत नवी यादी जोडली होती, आणि तिच्यात आता औषधवाल्याचाही पत्ता होता. वायरमनने तो दोनदा वाचला. नाही म्हटलं तर तीनशे यंत्रं दुपारपर्यंत थंड होणार होती, आणि ताईचा पुढचा व्यवहार त्यानेही पानावर चढणार नव्हता. माणूस पेन पुढे करून थांबला.

त्याने सही केली. मग बाहेरच्या अंगणात जाऊन ताईला फोन लावला, कारण हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये एवढं तरी त्याच्या हातात होतं.