करणीला ठेचा झोंबला

त्या रविवारी कन्हानच्या ओढेबाबाच्या अंगणात एवढी गर्दी होती, की नदीला पूर आला असता तरी तिला आत शिरायला जागा मिळाली नसती. बाबा पोटाला तोंड लावून करणी ओढून काढतो, अशी ख्याती. करणी म्हणजे सुपारीएवढा केसांचा काळा गोळा.

बाबाची अट एकच, आधी रिपोर्ट दाखवायचे. रिपोर्टात रोग निघाला, की तो हात जोडून माणसाला वाटेला लावी. "हा डॉक्टरचा माल. नॉर्मल असंन तो माहा."

कोराडीची श्वेता अशीच नॉर्मल होती. वर्षभर पोट पिळवटत होतं, जुलाब हटत नव्हते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पण रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन, शेजारणी म्हणाल्या नखरे. आपण मरू तेव्हाही रिपोर्ट नॉर्मलच येईल, अशी तिची खात्री पटत चालली होती.

तिला घेऊन आलेले सासरे, मनोहरराव, मूळचे भिवापूरचे. तिथल्या मिरचीचा ठेचा लावलेला पहिला घास स्वतःच्या हातानं भरवल्याशिवाय ते कोणाला सोडत नसत.

बाबानं फाईल चाळली. "सारं नॉर्मल. करणी पक्की. झोप वं बाई."

मग त्यानं तोंडावरून उपरणं फिरवलं. त्याआड त्याचा गाल फुगला, तो खालून फक्त श्वेतालाच दिसला.

तेवढ्यात मनोहररावांनी डबा उघडला. "महाराज, उपाशीपोटी एवढी मेहनत करून राहिले. एक घास घ्या."

बाबानं नुसतीच मान हलवली.

"महाराज लाजून राहिले, मामाजी," श्वेता पडल्यापडल्या म्हणाली. "भरवा त्यायले."

मनोहररावांनी भक्तिभावानं भरवला. बाबाचे डोळे पांढरे झाले, ठसका लागला आणि केसांचा गोळा थेट मनोहररावांच्या धोतरावर येऊन बसला.

मागची माणसं टाचा उंचावून पाहू लागली.

श्वेता उठून बसली. "महाराज, माह्या पोटाले तर तुमी अजून तोंडबी नाही लावलं. मंग हे करणी कोणाच्या पोटातली?"

बाबा खुणेनं पाणी मागत होता.

पुढे नागपुरात डॉ. मेघांनी दुर्बीण घालून आतडं पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. लहान आतड्याच्या टोकाशी जुनी सूज दडून बसली होती. औषध बरेच दिवस चालणार होतं, पण सूज आवरण्यासारखी होती.

"मंग आधीचे रिपोर्ट खोटे होते का, डॉक्टरबाई?" मनोहररावांनी विचारलं.

"खरेच होते, काका. हा आजार कधी कधी साध्या तपासण्यांत दिसतच नाही. नॉर्मल म्हणजे तिथं सापडलं नाही, एवढंच."

बाबाची सगळी कमाई या 'एवढंच'वर होती. 'सापडलं नाही' याला 'रोगच नाही' म्हणणारे शहाणे त्याला फुकटात गिऱ्हाईक धाडत होते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर दुखणाऱ्याला खोटं पाडू नका आणि आपलं पोट कोणाच्या तोंडी देऊ नका. डॉक्टरला पुन्हा जाऊन विचारा, आता कुठं पाहायचं?