एकोणतिसावा चौकोन

मी एक मतपत्रिका आहे. माझ्यावर कुणी गव्हर्नर निवडून येत नाही. निवृत्त झालेल्या बेसबॉल खेळाडूंपैकी कुणाची पितळी पाटी कीर्तिदालनाच्या भिंतीवर लागायची, एवढंच माझ्यावर ठरतं. पण एवढ्याशा गोष्टीवरून या देशात सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात.

माझा जन्म नोव्हेंबरातला. माझ्याबरोबर चारशेहून जास्त बहिणी छापून निघाल्या. सगळ्यांच्या अंगावर तीच तेहेतीस नावं आणि प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन. परत आलेल्या दर शंभर पत्रिकांपैकी पंचाहत्तरांवर ज्याच्या नावापुढे फुली असेल, तो आत. दहा वर्षांत जमलं नाही, तर त्याचं नाव आमच्या अंगावरून कायमचं उतरतं.

फुल्या मारणारे कोण? बातमीदार. उभ्या जन्मात ज्यांना वेगाने आलेला चेंडू बॅटला लावता आला नसता, ते ठरवतात कोण थोर आणि कोण नुसता बरा. मला यात गंमत वाटते. खेळाडूंना वाटत नाही.

मी पोचले ओहायोतल्या लोरेन गावी, मर्ल कोवाचच्या घरी. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्याने एका दैनिकात बेसबॉलवर लिहिलं, आणि लिहिलं म्हणजे भांडला. बातमीदाराला निवृत्तीनंतर दहा वर्षंच मत राहतं, आणि मर्लचं हे दहावं. त्याची बायको आर्डिस हिने पाकीट फोडून मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. मर्लने मला उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "आली शेवटची."

माझ्या एकोणतिसाव्या चौकोनापुढे नाव होतं व्हर्जिल टॅगार्ट. तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. त्याचंही हे दहावं आणि शेवटचं वर्ष. गेल्या खेपेला तो थोडक्यात राहिला होता. मर्लने नऊही वर्षं त्याला मत दिलं नव्हतं आणि निवृत्त असूनही दर वर्षी जुन्या दैनिकात लेख लिहून ते सांगितलं होतं.

दर गुरुवारी सकाळी हर्शेल पिंक यायचा. रेडिओवर सामन्यांचं वर्णन करून आवाज बसलेला, पण बोलणं थांबलेलं नाही. डोनटचा खोका त्याने थेट माझ्यावरच ठेवला. माझ्या कोपऱ्यावरचा तुपकट डाग त्याचाच.

"तर मग? टॅगार्ट?" त्याने विचारलं.

"फटके किती त्याचे? दोन हजार दोनशे एक्केचाळीस. कीर्तिदालन आहे की धर्मशाळा?"

"आणि तिसऱ्या बेसवर त्याने अडवलेले चेंडू कोण मोजणार? तुझा बाप?"

"माझ्या बापाला मध्ये आणू नकोस. त्यानेही नाहीच म्हटलं असतं."

"तुझा बाप टॅगार्टच्या नावाची टोपी घालून दवाखान्यात गेला होता. मी होतो सोबत. नर्सला काढू देईना."

मर्लने डोनट मोडला, खाल्ला नाही. "आकडे आकडे असतात, हर्श."

"असतात ना. मग तो दीड हंगाम धर की त्यात."

"कुठला दीड हंगाम?"

आर्डिसने भांडी विसळता विसळता नळ बंद केला. हर्श हळू म्हणाला, "तुला ठाऊक आहे कुठला."

ते मलाही नंतर कळलं. बावीस वर्षांपूर्वी टॅगार्ट मनगट दुखतंय म्हणून बाहेर बसला. मर्लने लिहिलं की दुखणं सोयीचं आहे, पगार वाढवून घ्यायचं नाटक आहे. लोकांनी मैदानावर बँडेजच्या गुंडाळ्या फेकल्या. टॅगार्ट तसाच खेळायला उतरला. तो हंगाम अर्धा रडतखडत गेला. मग शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मनगटातल्या हाडाचे दोन तुकडे निघाले. पुढचा हंगाम पूर्ण गेला. मर्लने चूक कबूल केली, ती चार ओळींत, अकराव्या पानावर, गावच्या टेनपिन बोलिंग स्पर्धेच्या निकालाखाली. आणि नंतर वर्षानुवर्षं तोच मर्ल विचारत राहिला की टॅगार्टचे फटके कमी का.

हर्श गेल्यावर आर्डिस समोर येऊन बसली. "देऊन टाक त्याला."

"आता दिलं तर लोक म्हणतील, म्हातारा पापं धुतोय."

"आणि नाही दिलं तर?"

"तर म्हणतील खुन्नस. लोकांचं जाऊ दे गं. मलाच कळेनासं झालंय की मी खेळ बघतोय की माझ्या त्या चार ओळी." त्याने पेन उघडलं, मिटलं. "असं करतो. बाकीचे भरतो, त्याचा चौकोन कोरा ठेवतो. ना इकडे ना तिकडे."

आर्डिसने बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. "कोरा म्हणजे नाहीच, मर्ल. तुझी पत्रिका तिथे पोचली की शंभरात तू मोजला गेलास. बाजूलाच व्हायचं असेल तर हिला घरी ठेव."

"माझी शेवटची?"

"हो, तुझी शेवटचीच."

"आणि इतर दोघांना मी देणार होतो, त्यांचं काय?"

"त्यांना अजून वर्षं आहेत. आणि त्यांच्याबद्दल तू कधी खोटं लिहिलेलं नाहीस."

"मीही खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच वाटलं होतं."

"विचारलं होतंस का त्याला?"

मर्ल उठून बाहेर बर्फ ओढायला गेला. फावड्याचा आवाज बराच वेळ येत होता.

डिसेंबरच्या एकतीस तारखेला त्याने दोन नावांपुढे फुल्या मारल्या, सही केली आणि मला पाकिटात घातलं. एकोणतिसावा चौकोन कोराच होता. कोटाच्या आतल्या खिशात बसून मी पोस्टात गेले. त्या दिवशीचा शिक्का पडला नाही तर माझा उपयोग नव्हता.

खिडकीपलीकडची बाई म्हणाली, "मर्ल, शिक्का मारायचाय ना? पाच मिनिटांत बंद करतेय."

त्याचा हात खिशात आला. माझी कडा त्याच्या बोटांत होती.

"मर्ल?"

"नको," तो म्हणाला. "तिकिटं दे. डझनभर."

मला राग आला होता, लपवत नाही. मतपत्रिकेच्या जन्माला एकच काम असतं आणि तेही मला करू दिलं नाही. त्याने मला पाकिटासकट टेबलाच्या खणात टाकलं. तिथे एक पिवळं कात्रण होतं, चार ओळींचं. आम्ही दोघं एकमेकांना चिकटून पडलो.

जानेवारीत निकाल लागला. पत्रिका आल्या चारशे बारा. टॅगार्टच्या नावापुढे फुल्या तीनशे नऊ. आर्डिसने वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला आणि मर्लपुढे सरकवला. बरोबर पंचाहत्तर टक्के. मी गेले असते तर पत्रिका झाल्या असत्या चारशे तेरा, आणि तीनशे नऊ फुल्या कमी पडल्या असत्या.

मर्लने कागद वाचला आणि सूप संपवलं.

तेवढ्यात हर्शचा फोन आला. मर्लला ऐकू कमी येतं, म्हणून त्याचे फोन सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जातात. "हरलास, म्हाताऱ्या!"

"हरलो," मर्ल म्हणाला. त्याने दुसरं काही सांगितलं नाही. दैनिकाने त्याला यंदाही लेख लिहायला बोलावलं, तेव्हाही नाही.

चार दिवसांनी तो तिकिटं शोधत होता. खण उघडा होता, म्हणून पुढचं मी नीट ऐकलं. फोन वाजला.

"कोवाच? व्हर्जिल टॅगार्ट बोलतोय."

"बोल."

"सगळ्यांना फोन करतोय. ज्यांनी दिलं त्यांचे आभार. ज्यांनी नाही दिलं त्यांना नुसता फोन. तू दिलंस?"

"नाही."

"वाटलंच मला." तो हसला. "बरं, ठेवतो."

"थांब." मर्लने खणाची कडा घट्ट धरली. आर्डिस टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मनगट कसं आहे?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"थंडीत दुखतं," टॅगार्ट म्हणाला.

मी अजून खणातच आहे. कोपऱ्यावर डोनटचा डाग, अंगावर दोन फुल्या आणि खाली सही. माझ्या बहिणी मोजून झाल्या, गठ्ठ्यांत गेल्या. त्यांना आता कुणी बघणार नाही. मला मर्ल कधीमधी बाहेर काढतो, बघतो, ठेवून देतो. तुमच्यापैकी कुणाकडे कुणाला थोर ठरवायचा अधिकार असेल, तर तो खुशाल गाजवा. मी कोण सांगणार? फक्त फुली मारायच्या किंवा न मारायच्या आधी त्या माणसाला एकदा विचारा, दुखत होतं का. उत्तर दोनच शब्दांचं असतं. मर्लला ते ऐकायला बावीस वर्षं लागली.