बाई, नवा खोका फोडा

मी गॅस क्रोमॅटोग्राफचा कॉलम बोलतोय. नावाने दचकू नका. दोऱ्याएवढी बारीक, तीस मीटर लांब, तारेच्या गोल कड्यावर गुंडाळलेली काचेची नळी म्हणजे मी. राहतो भट्टीत, म्हणून स्वभाव जरा तापट. औषधाची वाफ माझ्यातून गेली की आतला पातळ लेप त्यातले घटक वेगळे करतो आणि पडद्यावर प्रत्येकाचं टोकदार शिखर उमटतं. माझ्यापुढे भेसळ लपत नाही, ही माझी ऐट!

आमच्या प्रयोगशाळेत राज्य दोघांचं. साहेबांना कायम घाई; बाई मात्र घरच्या माणसाची नाडी बघावी तशा मला बघायच्या.

एकदा लहान मुलांच्या खोकल्याचं औषध तपासायला आलं. शिखर उठलं ते लांबलचक शेपटी घेऊनच; रेघ झटकन खाली यायच्या ऐवजी फरफटत गेली.

"हा कॉलम गेला कामातून. टाका कचऱ्यात," साहेब म्हणाले.

"दात किडला म्हणून कुणी माणूस टाकून देतं का, साहेब?"

बाईंनी माझ्या तोंडाकडचा मळलेला हातभर तुकडा कापला. शेपटी गेली, आणि तिच्याखाली दडलेलं इवलंसं शिखर दिसलं. विष होतं ते! औषध तिथेच अडलं. त्या दिवशी मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मग साहेबांचं प्रेम असं उतू गेलं की विचारू नका. "लकी कॉलम आहे हा!" जरा शेपटी दिसली, की काप हातभर. दोष औषध आत सोडणारी सुई टोचायच्या रबरी बुचाचा असला तरी सुरी माझ्यावरच. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिसाचा मी बावीस मीटर झालो.

परवा तर कहर झाला. वाफ माझ्यातून पुढे नेणारा आणि लेपाला जळू न देणारा वायू सोडायला विसरून साहेबांनी भट्टी तापवली. माझा लेप या टोकापासून त्या टोकापर्यंत करपला. हे दुखणं कापून जाणारं नाही.

आज पुन्हा मुलांचं औषध आलंय. शेपटीही आलीय. बाईंनी नव्या कॉलमचा खोका टेबलावर आणून ठेवलाय.

"राहू द्या हो बाई," साहेब म्हणतायत, "थोडा कापा, होईल सरळ. आपली लाज राखलीय त्याने."

टाकून दिलेलं कुणाला आवडतं? मलाही नाही. पण बाई, त्यांचं ऐकू नका. खोका फोडा. माझ्या शेपटीखाली आज काय दडलंय, ते मलाही दिसत नाही.