शिदूचा रेडू

डोंगरातल्या वाडीवरून आपला रेडू, म्हणजे रेडिओ, डोक्यावर घेऊन सावित्राबाई लोणावळ्यात पोचली, तेव्हा वाचनालयाच्या दाराला आंब्याचं तोरण लागलं होतं. स्वातंत्र्याला वर्ष झालं होतं आणि गावातल्या शहाण्या माणसांनी रेडिओचं प्रदर्शन भरवलं होतं. भिंतीकडेनं जुने रेडिओ ओळीनं मांडलेले, प्रत्येकापुढे पुठ्ठ्याची पाटी. काम चांगलंच होतं. पण चांगल्या कामातही मानाचा नारळ आधी कुणाच्या हातात जातो, ते काय सांगायला हवं?

मधलं मोठं टेबल तिच्या रेडूसाठी रिकामं ठेवलं होतं. वाचनालयाचे चिटणीस सोपानराव लगबगीनं पुढे आले. तिनं रेडू टेबलावर ठेवला, पदरानं पुसला आणि समोरच्या पाटीवर बोट ठेवलं.

"ह्यावर काय लिवलंय?"

सोपानरावांनी घसा साफ केला. "‘सन बेचाळीसच्या लढ्यात शेठ वल्लभजी यांनी जिवावर उदार होऊन याच रेडिओवर गुप्त केंद्र ऐकले.’"

"आन् शिदूचं नाव?"

"जागा जरा कमी पडली, सावित्राबाई."

पाटीवर अर्धा पुठ्ठा कोरा होता. न वाचता येणाऱ्या बाईलाही कोरं तेवढं दिसतंच.

शेठ वल्लभजी पहिल्या रांगेत बसले होते. त्या रांगेतल्या खुर्च्याही त्यांच्याच बंगल्यातून आल्या होत्या. शिदू, सावित्राबाईचा नवरा, त्याच बंगल्याचा राखणदार. बेचाळीसच्या पावसाळ्यात मुंबईहून कुणी चोरून रेडिओवर बोलू लागलं, ते ऐकणाऱ्यांच्या घरांवर झडत्या येऊ लागल्या, आणि शेठजींची गाळण उडाली. शिकारीला जाताना न्यायचा, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा हा रेडू त्यांनी शिदूच्या हातात दिला नि म्हणाले, "दरीत टाकून ये." शिदू दरीपर्यंत गेला. तिथं रेडू गवताच्या भाऱ्यात बांधून तो सरळ घरी आला. मालकाचा शब्द त्यानं जन्मात एकदाच मोडला, पण मोडला तो असा.

मग रोज दिवेलागणीनंतर वाडी त्याच्या ओट्यावर जमायची. बॅटरी उतरली की शिदू ती गवताखाली लपवून मोटारींच्या कारखान्यात मारुती मिस्त्रीकडून भरून आणायचा. सकाळी सावित्राबाई गवत विकायला गावात यायची आणि दारोदार भाऱ्याबरोबर बातमीही टाकून जायची. पुढे कुणीतरी चुगली केली. रेडू भाताच्या कणगीत होता, तो पोलिसांना सापडला नाही, शिदू सापडला. सात महिने तुरुंगात त्यानं मार खाल्ला आणि तोंड उघडलं नाही. तो खोकत घरी आला, आणि वर्षभरात गेला.

आणि पाटीवर जागा कमी पडली!

सावित्राबाईनं रेडू परत उचलला. "मग ह्यो बी हितं न्हाई ऱ्हायचा."

"ए बाई, ठेव तो," शेठजी उठले. "रेडिओचं लायसन माझ्या नावावर आहे. चोरीचा माल बाळगलास म्हणून फिर्याद केली नाही, हे उपकार समज."

चोर! तिनं रेडू छातीशी घट्ट धरला. सोपानराव दोघांच्या मध्ये आले. माणूस वाईट नव्हता, पण खुर्च्यांच्या उपकाराखाली दबलेला होता. ते हळूच म्हणाले, "बाई, शेठजींच्या शब्दाविरुद्ध मी कसं लिहू? तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का?"

"लिवलेलं न्हाई. बांधलेलं हाय."

तिनं रेडू खाली ठेवला आणि कमरेची वाखाची दोरी सोडली. वाडीवर लग्नाचं बोलावणं अशा दोरीनं जातं: जितके दिवस उरले तितक्या गाठी, रोज एक सोडायची. सावित्राबाईनं उलटं केलं होतं. रेडू बोलला की एक गाठ मारायची आणि त्या दिवसाची खूण तिच्यात अडकवायची.

तिनं पहिल्या गाठी बोटांनी चाचपल्या. "ह्यो खिळा. जमशेदपूरला लोखंडाचा कारखाना बंद पाडला, त्या दिसाचा. ही काकणाची काच. चिमूरला गोऱ्या सोजिरांनी बायांवर हात टाकला, त्ये सांगितलं. त्या दिशी वाडीत कुणी जेवलं न्हाई. ही नुसती गाठ. खरखर लय व्हती, कायबी समजलं न्हाई, पर आमी बसून ऱ्हायलो." गाठीमागून गाठ तिच्या बोटांतून सरकत होती. भिंतीकडचे रेडिओ बघणारे लोक एकेक करून मधल्या टेबलाभोवती गोळा झाले.

शेवटच्या गाठीवर ती थांबली.

"शेट, तुमी ऐकत हुतासा म्हंता. मग सांगा, शेवटल्या दिशी काय झालं?"

शेठजींनी परत खुर्चीत बसून रुमालानं मान पुसली. "झालं असेल काहीतरी भाषण. इतक्या वर्षांनी कुणाच्या लक्षात राहतं?"

"ज्यानं ऐकलं त्याच्या ऱ्हातं." तिनं हात उगारला आणि टेबलावर दाणदाण थापा मारल्या. समोरची पाटी थरथरली. "गाणं चाललं व्हतं. मंग अशा थापा पडल्या दारावर. रेडूतनं आल्या, पर शिदूला वाटलं आमच्याच दारावर हाईत. त्यो उठून दाराला पाठ लावून हुबा ऱ्हायला. मंग रेडू गप झाला, त्यो कायमचा. पुढल्या आठवड्यात आमच्या दारावर खरंच थापा पडल्या."

सोपानरावांनी हे ओळखलं. मुंबईत ते गुप्त केंद्र चालवणाऱ्या मंडळींवर खटला चालला तेव्हा थापांची हकीगत त्यांनी वर्तमानपत्रात वाचली होती. हिला तर अक्षर वाचता येत नव्हतं.

त्यांनी पाटी उलटी केली आणि टाक शाईत बुडवला. "सांगा, सावित्राबाई."

"शिदू, नवशाचा ल्योक, वाडीचा कोळी. त्यानं ऐकला, त्यानं राखला, त्याच्यापायी मेला. एवढं लिवा. जागा हाय मायंदाळ."

त्यांनी लिहिलं. मग टाक हवेतच धरून त्यांनी चाचरत विचारलं, "आणि शेठजींचं नाव? ते आता काढायचं ना?"

"का म्हून काढता? लिवा की," सावित्राबाई म्हणाली. "दरीत टाक म्हून कुणी सांगितलं, त्ये बी लोकांना कळाया नगं?"

पहिल्या रांगेतली एक खुर्ची कर्रकन मागे सरकली. सोपानरावांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी लिहिलं.