झिपरीचं शेवटचं पान

बबनराव मामा समजूत घालायला आले की चहा दोनदा ठेवावा लागतो, हे वणीच्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक. आज ते भाचीला, दिपालीला, सासरी न्यायलाच आले होते. दिपालीला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली. सासरचे म्हणाले, बस सोड नाहीतर घर सोड. तिनं घर सोडलं आणि लेकीला घेऊन माहेर गाठलं.

"हात जोडून माफी माग, सगळं सरळ होते," मामा म्हणाले. "बाईच्या जातीले एवढा ताठा काहून?"

 दिपाली लेकीला, खुशीला, मांडीवर घेऊन यवतमाळहून आणलेलं चित्रांचं पुस्तक वाचू लागली. झिपरी गाढवीची गोष्ट. लहानपणी तिनं हे पुस्तक चिंध्या होईपर्यंत वाचलं होतं. झिपरी कुंभाराचं ओझं फेकून टेकडीवर चढते आणि वरून अशी ओरडते की अख्खं गाव जागं होतं. तिथंच गोष्ट खलास! काय माज त्या गाढवीचा! दिपाली तिच्यावर जीव टाकायची. सासरचा उंबरा ओलांडतानाही तिला ती टेकडीच आठवली होती.

पण या नव्या पुस्तकात टेकडीनंतर आणखी एक पान निघालं. झिपरी मान खाली घालून परत आलेली, गळ्यात दावं, पाठीवर दुप्पट मडकी. खाली लिहिलं होतं, झिपरी शहाणी झाली.

दिपालीच्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, आपल्या पुस्तकात हे पान नव्हतं!"

मथुराबाई चहा गाळत होती. "होतं. म्याच फाडलं. चूल पेटवायले बरं पडलं."

"पण तुले तर वाचता येत नाही."

"दावं तर दिसते ना!"

मामांना तेवढंच हवं होतं. "पाह्य, पुस्तकातही तेच छापून हाये. आता तरी शहाणी हो अन् चाल."

"आई, हिच्या गळ्यात काय आहे?" खुशी चित्रावर बोट ठेवून विचारत होती.

दिपालीनं टर्रकन पान फाडलं आणि मामांच्या हातात ठेवलं.

"हे तिकडं द्या, मामा. म्हणा, शहाणी झालेली एवढीच हाये, ठेवून घ्या. मले उद्या पहिल्या गाडीवर ड्युटी हाये."

 खुशी रडवेली झाली. "मग झिपरी कुठं गेली?"

"कुठं नाही जात. टेकडीवरच हाये ती," मथुराबाई म्हणाली आणि भावापुढं दुसरा चहा ठेवला.